निरंक

ग्रामपंचायतीचा वार्षिक प्रशासन अहवाल कोणी वाचत नाही, हे मला पहिला अहवाल लिहिला त्याच वर्षी कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. वाचणारा कोणी आहे असं वाटलं की माणूस जरा जपून लिहितो. मी तो नोकरी संपेपर्यंत लिहिला, आणि जपून काही लिहिला नाही.

मी ग्रामसेवक होतो, शेवटची काही वर्षं ग्रामविकास अधिकारी. (२०२४ साली सरकारनं ही दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. तोवर मी घरी बसलो होतो.) राहायला बेलापूर. श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. हे फोड करून सांगावं लागतं, कारण बेलापूर म्हटलं की मुंबईचा माणूस थेट नवी मुंबईत पोचतो. रेल्वेचा घोळ आणखी वेगळा. दौंड-मनमाड मार्गावर आमच्या गावाच्या नावाचं स्टेशन आहे, पण ते आहे श्रीरामपुरात. स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढलं, त्याला नगरपालिका मिळाली, आणि ज्याचं नाव स्टेशनला दिलं त्या बेलापूरला ग्रामपंचायतच राहिली. नोकरी मात्र मी बेलापुरात केली नाही. जी केली ती आसपासच्या गावांत, आणि त्यांची नावं इथं लिहिणार नाही. चुका माझ्या, गावांची नावं कशाला खराब करायची.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभेचं कलम सातवं. आर्थिक वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत जी पहिली सभा होते, तिच्यापुढं मागच्या वर्षाचा हिशेब आणि प्रशासन अहवाल ठेवायचा असतो. म्हणून बहुतेक गावांत तो १ मेला येतो. झेंडावंदन होतं, पोरांना गोळ्या वाटतात, मग अहवालवाचन. ऊन तापलेलं असतं आणि निम्मं गाव कुठल्या तरी लग्नाला निघालेलं असतं. कोरमला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातली जी संख्या कमी ती. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. कायद्यातलं बाकी काही पाठ नसलं तरी हे शेवटचं वाक्य प्रत्येक ग्रामसेवकाला पाठ असतं.

मी तर तहकुबीचीही तोशीस घेतली नाही. शिपायाला रजिस्टर आणि शाईचं पॅड देऊन संध्याकाळी घरोघर पाठवायचो. घरातल्या एकानं सगळ्यांच्या सह्या करायच्या. एकदा एका म्हातारीचा अंगठा सभेच्या रजिस्टरला होता आणि ती मुलीच्या बाळंतपणासाठी कल्याणला होती. सुनेनं उठवला होता. परत आल्यावर म्हातारी ऑफिसात येऊन म्हणाली, "भाऊसाहेब, मी हजर व्हते म्हनत्यात. काय ठरलं मंग सभेत?" मला सांगता येईना. काही ठरलंच नव्हतं. ठराव मी आदल्या रात्रीच लिहून ठेवले होते.

अहवालाची एक भाषा असते. 'काम प्रगतिपथावर आहे.' 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' 'उद्दिष्ट साध्य.' आणि शेवटी, तक्रारींच्या रकान्यात, 'निरंक'. माझ्या एकाही अहवालात त्या रकान्यात दुसरं काही नव्हतं. तक्रारी नव्हत्या असं नाही, रोज होत्या. लेखी नव्हत्या. ज्याला लिहिता येतं तो तक्रार करत नाही, तो सदस्याला फोन करतो. ज्याला फोन करायची सोय नाही तो दारात येऊन बोलतो, आणि दारातल्या बोलण्याला आवक क्रमांक पडत नाही.

त्या 'निरंक'मागं काय काय होतं, त्यातलं सुरक्षेचं आधी सांगतो. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून आराखडे करायला सांगितले. यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत आम्हाला केरळचं उदाहरण ऐकवलं होतं. तिथं १९९६ ला लोकनियोजनाची मोहीम निघाली, राज्याच्या योजनेतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा स्थानिक संस्थांकडं गेला, आणि खर्च ठरवायच्या आधी प्रत्येक पंचायतीनं स्वतःच्या गावाचा अहवाल लोकांकडून तयार करून घेतला. मी वहीत टिपून घेतलं. परत येऊन आराखडा एका रात्रीत लिहिला. त्यात सगळ्यांना आवडेल असं एक काम होतं, सीसीटीव्ही.

कॅमेरे बसले. वेशीत, शाळेपाशी, एसटीच्या थांब्यावर, मारुतीच्या पारावर. उद्घाटनाला पोलीस अधिकारी आले, नारळ फुटला, पडद्यावर आपलंच गाव बघायला पोरं दाटीवाटीनं ऑफिसात घुसली. त्या वर्षीच्या अहवालात सुरक्षेखाली तो परिच्छेद मी मन लावून लिहिला.

मग एका रात्री पारासमोरून दोन मोटारसायकली चोरीला गेल्या. सकाळी हवालदार पेन ड्राइव्ह घेऊन आले. आम्ही चित्रण लावलं. संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी पार दिसतो, पारावर दोन म्हातारे दिसतात, एक कुत्रं आडवं जातं, आणि पुढचं चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचं. मागं जाऊन पाहिलं. रोज तेच. सहाला बंद, दहाला चालू.

काय झालं होतं ते मला तिथंच उमगलं आणि मी गप्प बसलो. आदल्या पावसाळ्यात ऑफिसात शॉर्टसर्किट होऊन एक रॅक जळाला होता. तेव्हा मीच शिपायाला बजावलं होतं की कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा, रोज, न चुकता. माणूस आज्ञाधारक. कॅमेऱ्यांचं यंत्र त्याच मेनवर होतं. म्हणजे बसवल्या दिवसापासून गावावर नजर होती ती ऑफिसच्या वेळेतच.

"चोर दहा ते सहात आला असता तर सापडला असता," हवालदार म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

ज्यांच्या गाड्या गेल्या त्यांना मी सांगितलं, तांत्रिक बिघाड. शिपायाला दोष दिला नाही एवढाच काय तो माझा भलेपणा, पण दोष माझा आहे हेही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी यंत्राला स्वतंत्र लाइन आणि इन्व्हर्टर बसवला. अहवालात ते 'सीसीटीव्ही यंत्रणेचे बळकटीकरण' या नावानं नवीन काम म्हणून गेलं. एकाच चुकीच्या मी दोन वर्षं दोन प्रगती दाखवल्या. सभेत कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे आणि लाजण्यासारखं जास्त. मार्चअखेर जवळ आला की तो निधी घाईनं वाटायचो. चेक द्यायचा, फोटो काढायचा. ऑफिसला सात पायऱ्या होत्या. फोटोत सरपंच वरच्या पायरीवरून खाली वाकलेले आणि तीनचाकी सायकलवरचा माणूस खालून हात वर केलेला. असे फोटो मी अहवालाला जोडले. रॅम्प कधी झाला म्हणाल, तर मी बदलून गेल्यावर.

तंटामुक्तीवर मात्र मला थांबायला हवं.

२००७ च्या १५ ऑगस्टपासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. आबा पाटील तेव्हा गृहमंत्री. त्याआधी ग्रामविकास खात्यात असताना त्यांनीच २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं होतं. त्या अभियानानं गावं खरोखर हलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उकिरडे उचलले गेले, हातात खराटा घेतलेले साहेब लोक मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले. त्यामुळं तंटामुक्तीकडंही आम्ही त्याच उत्साहानं गेलो. ग्रामसभेनं समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवायचे, जे तडजोडीला योग्य असतील ते मिटवायचे. दोनशे गुणांचं मूल्यमापन, आणि लोकसंख्येनुसार एक लाखापासून पुढं बक्षीस. माझं अक्षर चांगलं म्हणून समितीचं रजिस्टर माझ्याकडं आलं.

बांधाचे वाद मिटले, आणि ते खरे मिटले. भावाभावांत पंधरा वर्षं चाललेला विहिरीच्या पाळीचा तंटा एका बैठकीत संपला आणि दोघे एका ताटात जेवले, तो दिवस मी विसरणार नाही. म्हणून ही मोहीमच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मिटलेल्या तंट्याला गुण होते, आणि गुण मोजायला लागलं की कुठला तंटा मिटवायचा असतो आणि कुठला नसतो हे दिसेनासं होतं.

एका बाईनं नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार चौकीत दिली होती. अदखलपात्र म्हणून नोंद झालेली. आमच्या यादीत ती 'फौजदारी' खाली आली. बैठक मारुतीच्या सभामंडपात होती. आत पुरुष, सतरंजीवर. ती बाहेर पायरीवर, कडेवर लहानगं, डोक्यावरून पदर ओढलेला. तिचं म्हणणं तिच्या भावाला विचारलं. भाऊ आदल्या दिवशीच दाजीकडं जेवून आलेला. नवऱ्यानं कान पकडले, 'पुन्हा हात उचलणार नाही' म्हणाला, नारळ फुटला, चहा झाला. रजिस्टर बाहेर पायरीवर नेऊन मी तिची सही घेतली. तिनं सही करताना विचारलं नाही की वर काय लिहिलंय, आणि मी वाचून दाखवलं नाही. लिहिलं होतं, 'उभयपक्षी सामोपचाराने मिटले. कोणाचीही तक्रार नाही.'

काही महिन्यांनी ती ऑफिसात आली. मला वाटलं दाखला हवा असेल.

"भाऊसाहेब, ते मिटलं म्हनून लिव्हलंय ना, त्याची नक्कल मिळंल का?"

"कशाला हवी?"

"पुन्यांदा मारलं तर दावायला. का समद्यांम्होरं कबूल केलं व्हतं."

त्या कागदाचा कोणी असा उपयोग करील हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या लेखी तो गुणांचा पुरावा, आणि तिला तो नवऱ्याच्या शब्दाचा पुरावा हवा होता. मी म्हणालो, हे रजिस्टर नकलेचं नाही. ते खोटं होतं. नक्कल देता आली असती, फार तर अध्यक्षांना विचारावं लागलं असतं. पण मूल्यमापनाची समिती यायची होती आणि 'मिटलेला' तंटा पुन्हा उघडा पडलेला मला नको होता. ती आणखी थोडी उभी राहिली, मग गेली.

कौटुंबिक हिंसाचारापासून बायकांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा, लागू झाला २००६ च्या ऑक्टोबरात. आमची ती बैठक झाली तेव्हा तो जुना नव्हता, पण कागदावर पुरता आलेला होता. त्यात संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडं अशा बाईला पाठवता येतं, हे मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. वाचलं ते निवृत्तीच्या जवळपास, एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत. तिला मी कोणाकडं पाठवू शकलो असतो, हे मला तेव्हा कळलं. ती कुठं आहे याची चौकशी मी त्यानंतर केली. गाव सोडून गेली होती. कुठं ते सांगणारं कोणी सापडलं नाही, किंवा मला सांगायला कोणी तयार नव्हतं.

बक्षीस मिळालं. त्यातून वेशीत कमान उभारली. कमानीवर कोणाचं नाव आधी यावं यावरून असा वाद पेटला की रंगारी अर्धी अक्षरं काढून निघून गेला. तो तंटा समितीपुढं आला नाही. समितीचे अध्यक्षच वादी होते.

आता हागणदारीमुक्तीचं. हा माझ्या अहवालांमधला सगळ्यात गोंडस भाग, आणि सगळ्यात पोकळ. २०१४ च्या २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत मिशन आलं. शौचालयाला बारा हजारांचं अनुदान होतं, आणि मोजणीला आधार होता २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणाचा. त्या यादीत ज्या कुटुंबाला शौचालय नव्हतं त्याला बांधून द्यायचं. यादीतली सगळी नावं खोडली गेली की गाव हागणदारीमुक्त. २०१८ च्या एप्रिलमध्ये राज्याचा सगळा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. आमचं गाव त्याच्या आधीच झालं होतं. शंभर टक्के.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना आमच्या भागाबद्दल एक सांगावं लागेल. भंडारदऱ्याचं पाणी १९२० च्या दशकात प्रवरेच्या कालव्यांना आलं आणि हा सगळा पट्टा उसाचा झाला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, मग लोणीचा देशात गाजलेला सहकारी कारखाना, मग बाकीचे. ऊस आहे म्हणजे तोड आहे. दिवाळी झाली की बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावाच्या कडेला, ओढ्याच्या नाहीतर चारीच्या अंगाला, कोप्यांची वस्ती उभी राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उठून जाते. त्यांचं नाव त्यांच्या गावच्या यादीत, शौचालयही तिथंच, कुलूपबंद घराच्या मागं. चार-पाच महिने ती माणसं आमच्या हद्दीत राहतात आणि आमच्या कुठल्याच कागदावर नसतात.

गुड मॉर्निंग पथकाचं लोकांना आठवत असेल. पहाटे उठून, शिट्ट्या घेऊन, उघड्यावर बसणाऱ्यांना उठवायचं. गांधीगिरी म्हणून गुलाबाचं फूल द्यायचं. फोटो काढायचा. मी या पथकात होतो, नुसता होतो असं नाही, शिट्टी माझ्याच गळ्यात होती. आज स्वतःला त्या जागी आठवतो तेव्हा कसंतरीच होतं. थंडीच्या अंधारात बाई माणूस बॅटरीच्या झोतात ताडकन उठतं, आणि समोर आपण, मफलर बांधलेला सरकारी माणूस.

एका पहाटे ओढ्याकडच्या रस्त्याला एक अशी उठली. हातात टमरेल. पळाली नाही. झोत तोंडावर घेऊन म्हणाली,

"सायेब, मी तुमच्या गावातली न्हाय. टोळीतली हाये."

आणि मला सुटल्यासारखं झालं. मनाला काय वाटलं तेच सांगतोय. आमच्या यादीतली नाही म्हणजे आमचे शंभर टक्के शाबूत. मी शिट्टी खिशात टाकली आणि म्हणालो, "मग असू द्या, असू द्या." जणू परवानगी दिली. बरोबरचे हसले. आम्ही पुढं गेलो.

पुढं त्याच हंगामात बिबट्याचा बोभाटा झाला. तोड सुरू झाली की उसातली बिबट्याची लपण जाते, मादी पिल्लं घेऊन फडातून फडात फिरते, हे आता आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. वनखात्यानं पिंजरा लावला. आमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा होती. एका टोल-फ्री नंबरवर फोन केला की नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी आवाज जातो, चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला. चांगली सोय आहे, तिचा उपयोग झालेला मी पाहिलाय. नोंदणी मी करून घेतली होती, रेशनकार्डावरून, कुटुंबप्रमुखाचा नंबर. रात्री आठच्या सुमारास गावच्याच एका वस्तीवरून फोन गेला, गावातले फोन खणाणले, पुरुष मंडळी काठ्या-बॅटऱ्या घेऊन पारावर जमली. ज्यांचे फोन वाजले त्यातला एकही मोबाइल घरातल्या बाईच्या हातातला नव्हता, आणि कोप्यांवर तर एकाचाही नाही. बिबट्या त्या बाजूनंच गेला. टोळीतल्या एकाची शेळी नेली. माणसाला काही झालं नाही, त्यात माझ्या नियोजनाचा काडीइतका वाटा नव्हता.

सकाळी टोळीचा मुकादम ऑफिसात आला. शेळीच्या पंचनाम्याचं विचारायला. मी त्याला वनखात्याकडं पाठवलं, ते बरोबरच होतं. पण तो जाता जाता म्हणाला, "भाऊसाहेब, रस्त्याला तेवढा एक दिवा द्या. बाया पहाटं जात्यात." ओढ्याकडच्या रस्त्याला खांब होता, त्यावर दिवा नव्हता. आदल्याच वर्षी एलईडी दिवे आले होते आणि ते कुठं लावायचे हे सदस्यांनी ठरवलं होतं. सदस्यांच्या घरांवरून गावाचा नकाशा काढायचा असेल तर दिवे मोजत गेलं तरी निघाला असता. मी मुकादमाला म्हणालो, बघू. अहवालात पथदिव्यांपुढं 'उद्दिष्ट साध्य' लिहिलेलं होतंच. दिवा लागला नाही. एका दिव्याला लागतात किती पैसे? ठराव लागला नसता, शिपायाला शिडी दिली असती तरी चाललं असतं.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, कारण जिथं हे होत नाही अशी जागा आमच्याच जिल्ह्यात आहे आणि मी ती पाहून आलो होतो. हिवरे बाजारला आमचा अभ्यासदौरा गेला होता. पोपटराव पवारांचं गाव. तिथं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढं मांडतात. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात. कमी पडला असेल तर कमी पडला म्हणून सगळ्यांसमोर सांगतात आणि त्याप्रमाणं पीक कमी करतात. ऊस तर नाहीच, शेतीसाठी बोअर नाही. म्हणजे गावाचा वार्षिक हिशेब, पण त्यात तूटही लिहितात. मी तिथं उभा राहून पाहिलं आणि टिपून काय आणलं, तर भिंतींवरच्या म्हणी. परत आल्यावर रंगाऱ्याला बोलावून आमच्या भिंती रंगवल्या. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' बरोबर त्या भिंतीवर, जिच्यामागं फुटक्या पाइपचं पाणी वर्षभर गटारीत जात होतं. त्या पाइपचीही तक्रार अर्थातच लेखी नव्हती.

महिला ग्रामसभेचं राहिलं. मुख्य सभेच्या आधी ती घ्यावी लागते. मी बहुतेक वेळा ती अंगणवाडीच्या मदतनीस ताईंकडं रजिस्टर देऊन 'घेतली'. एकदाच खरी भरली, कारण तालुक्याहून विस्तार अधिकारी बाई अचानक आल्या. चाळीसेक बायका जमल्या. मी विषयपत्रिका वाचली, सभामंडपाचं वाढीव काम, कमानीचं रंगकाम. कोणी बोलेना. मग एक म्हातारी म्हणाली, एसटीच्या थांब्यावर मुतारी फक्त बाप्यांना का? आणि एकदम सगळ्या बोलायला लागल्या. थांबा, ओढ्याचा अंधार, शाळेच्या वाटेवरचं दारूचं दुकान, रात्री दवाखान्याला गाडी न मिळणं. विस्तार अधिकारी बाई लिहून घेत होत्या. मी नव्हतो. इतिवृत्तात मी काय लिहिलं ते मला तोंडपाठ आहे, 'विषयपत्रिकेवरील विषयांवर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' विषयपत्रिकेबाहेरचं बोलणं इतिवृत्तात घेता येत नाही, असा नियम मी त्यांना सांगितला होता. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' नावाचा रकाना प्रत्येक इतिवृत्तात असतो, तो माझ्याही होता.

हल्ली मी बेलापुरातच असतो. सभांना श्रोता म्हणून जातो, मागच्या रांगेत बसतो, फार बोलत नाही. बोलायला तोंड नाही असंही समजा. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या एका गावचा तरुण ग्रामपंचायत अधिकारी घरी आला. नवीनच लागलेला, इंजिनिअर झालेला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की अहवाल कसा लिहायचा ते बेलापूरच्या भाऊसाहेबांना विचार, त्यांचा हातखंडा आहे. मी त्याला म्हणालो, तू एक वेगळं पान लाव. वर्षात काय बसवलं ते सगळे लिहितात. तू यात लिही, काय बंद पडलं, कधी पडलं, कोण येऊन काय बोलून गेलं, कोणत्या वस्तीला काय पोचलं नाही. हंगामात टोळ्या किती आल्या तेही लिही.

"पोर्टलवर रकाना नाही, भाऊसाहेब."

"कागदावर लिही. सभेत वाच."

"ऑडिटला आक्षेप निघेल."

"निघू दे. आक्षेपाची पूर्तता होईपर्यंत तुझी बदली झालेली असते. ते माझ्यावर सोड, त्यातला मी मुरलेला आहे."

तो हसला. आम्ही दोघांनी बसून कागदावर रकाने आखले. मी सांगत गेलो, त्यानं लिहिलं. कागद घडी करून खिशात घालताना म्हणाला, "सरपंचांना विचारून बघतो."

"सरपंच कोण आहेत?"

"ताई आहेत. महिला राखीव." मग जरा थांबून म्हणाला, "पण विचारायचं त्यांच्या मिस्टरांना."

मी त्याला कागद परत बाहेर काढायला लावला. पहिल्या रकान्यात अजून जागा होती.